पाहुणे पाणी न पिता गेले

"या, बसावं. उन्हातून आलात."

कोणीही खाटेजवळ आलं की बाईसाहेब हे म्हणायच्या. मग स्वतःचे पाय आखडून घ्यायच्या आणि बसणाऱ्यासाठी जागा झटकल्यासारखा चादरीवरून हात फिरवायच्या. येणारा डॉक्टर असो, झाडूवाली असो, की एनिमाचं भांडं घेऊन उभी असलेली मी. पौषातल्या सकाळी कुडकुडत आलेल्यालाही 'उन्हातून आलात' हेच ऐकावं लागे. ज्या चादरीवरून तो हात फिरायचा ती आठवडा-आठवडा बदललेली नसायची. तिच्यावर काय काय वाळलेलं असायचं ते इथे लिहीत नाही, तुम्हाला जेवायचं असेल.

मध्य प्रदेश नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरची माणसं अजून तोंड वाकडं करून बोलत होती. मी नर्सिंगचं शिक्षण संपवून तुकोगंजातल्या एका नर्सिंग होममध्ये लागले होते. जुना बंगला, फाटकावर बोगनवेल, आत म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या बायका. बाहेरच्या बोर्डावर चार प्रशिक्षित नर्सेस लिहिलेल्या होत्या. त्या चारही मीच. बाकी एक स्वयंपाकीण, एक झाडूवाली आणि मॅनेजर, एवढाच सगळा कारभार होता.

आत शिरलं की आधी फिनाईलचा वास यायचा आणि त्याच्या खालून मुताचा. वास घालवायचा तर मेणकापडं धुवावी लागतात, धुवायला माणूस लागतो, आणि फिनाईलला पगार द्यावा लागत नाही. डाळ इतकी पातळ की वाटीचा तळ दिसे. ज्या दोघीतिघींना कवळ्या होत्या त्यांच्या कवळ्या झाडूवाली एकाच तसराळ्यात बुडवायची आणि हाताला येईल ती ज्या तोंडात बसेल त्या तोंडात घालायची. एकदा दोन बायका दिवसभर एकमेकींच्या दातांनी जेवल्या. मी ओरडले तर मॅनेजर म्हणाला, "अरे सिस्टर, फालतू चिंता करून राहिल्या तुम्ही. दोघींनी खाल्लं ना? बस, बात खतम."

बाईसाहेब तिथे आल्या त्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या पुतण्याच्या कृपेने. त्याने नवं घर बांधलं होतं आणि त्या घरात स्कूटरला जागा होती, काकूला नव्हती. बाईसाहेबांचे यजमान संस्थानाच्या नोकरीत मोठे कारभारी होते. संस्थान गेलं, यजमान गेले, राहता राहिली ती रीत. येताना त्यांनी स्वतःचा चांदीचा पेला आणला होता, तो पहिल्याच आठवड्यात नाहीसा झाला. कोणी नेला ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. बाईसाहेब म्हणाल्या, "मीच कुठे ठेवला असेन. वय झालं." आणि दुसऱ्या दिवसापासून टिनच्या डब्यातून पाणी पिऊ लागल्या, जणू लहानपणापासून तेच पीत आल्या होत्या.

मला त्यांचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? इतकी माया मी कोणावर केली नाही आणि इतका राग कोणाचा आला नाही.

कारण वर्षातून एकदा त्या होमची तपासणी व्हायची आणि तपासणीत बाईसाहेब होमच्या अगदी कामी यायच्या. सरकारी मदत मिळे, म्हणून सरकारी साहेब येत. येणार ते आठ दिवस आधी कळवून. म्हणजे मुलगी बघायला येतात तसं, घरच्यांनी पोहे भिजवून ठेवावेत म्हणून.

तो दिवस तुम्ही पाहायला हवा होता. सकाळीच मांडववाल्याकडून भाड्याच्या चादरी यायच्या. एखाद्या चादरीवर लग्नातल्या हळदीचा डाग असला तर ती बाजू खाली. स्वयंपाकिणीला पांढरं पातळ नेसवून नर्स करायचे. मॅनेजरची मेहुणी यायची, तीही नर्स. ती डोक्यावरची टोपी मागचं पुढे घालायची आणि दर वर्षी मीच ती सरळ करायची. प्रत्येक खाटेशेजारी केळी आणि सफरचंदं. ती दाखवायची, खायची नाहीत. एका म्हातारीने एकदा केळं सोललं तर मॅनेजरने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि साल पुन्हा मिटवून ठेवलं. ज्या बायकांच्या अंगाला वास येई, ज्या विव्हळत, त्यांना मागच्या खोलीत हलवायचे. ती खोली पूर्वी बंगल्याच्या घोड्यांची होती. घोडे बरे असतील, त्यांना खरारा करायला मोतद्दार तरी होता.

आणि दाराजवळच्या पहिल्या खाटेवर बाईसाहेब. केस विंचरलेले, नऊवारीच्या निऱ्या जागच्या जागी, गोरा सुरकुतलेला चेहरा. साहेब आत आले की पहिली भेट त्यांची.

"या, बसावं. उन्हातून आलात."

"कैसी हैं, माताजी? कोई तकलीफ?"

"छे छे. आमचं उत्तम चाललंय."

झालं! साहेबांचं निम्मं काम तिथेच संपायचं. उरलेलं निम्मं व्हरांड्यात कचोरी आणि जिलबीबरोबर संपायचं. ते गेले की मॅनेजर फळं टोपलीत भरायचा, संध्याकाळच्या आत मांडववाला चादरी न्यायचा आणि आमच्या बायका पुन्हा मेणकापडावर.

एकदा मी चिडून विचारलं, "बाईसाहेब, तुमच्या तोंडाला काय कुलूप लागतं? तो तुमचंच ऐकतो. एक शब्द बोला ना!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सिस्टरबाई, पाहुण्यापुढे घरचं गाऱ्हाणं? आमच्याकडे रीत नाही."

"हे घर नाही!"

"मग काय आहे?" त्यांनी खरंच विचारलं. "आता मला दुसरं कुठलं आहे?"

मी तणतणत ड्रेसिंगचा ट्रे उचलला आणि सारजाकडे गेले.

सारजा शेजारच्या खाटेवर असायची. गिरणीत कामाला होती, नवरा गेलेला, खुबा मोडला म्हणून चाळीतल्या लोकांनी वर्गणी करून तिला इथे आणून टाकलं होतं. तोंडाने फटकळ. ती आणि बाईसाहेब दिवसभर बोलत. बाईसाहेब दसऱ्याच्या मिरवणुकीतले हत्ती सांगायच्या, सारजा गिरणीतल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या सांगायची. बाईसाहेब "अगं, पुरे!" म्हणायच्या आणि थोड्या वेळाने हळूच विचारायच्या, "मग? पुढे काय म्हणाला तो?"

"बाईसाहेब," सारजा म्हणायची, "तुमचे पाहुणे भारी आहेत हो. आपल्याला केळं दाखवतात अन् स्वतः कचोरी खातात."

"पाहुण्याच्या ताटाकडे बघू नये, सारजा."

सारजाला कोणी कुशीवर वळवत नसे. मी एकटी किती जणींना वळवणार? पडून पडून तिच्या कमरेशी जखम झाली. आम्ही तिला बेडसोअर म्हणतो. आधी रुपयाएवढी लाल, मग काळी, मग तिच्यात हाड दिसू लागलं. वास यायला लागला तेव्हा तपासणी जवळ आली होती, म्हणून मॅनेजरने तिला लगेच मागच्या खोलीत टाकलं. डॉक्टर यायचे ते उंबऱ्यावर उभे राहून, "पट्टी बदलत रहा," म्हणून जायचे. मी मॅनेजरला सांगितलं, हिला मोठ्या इस्पितळात न्या, नाहीतर ही मरेल.

तो म्हणाला, "पागल झाल्या का सिस्टर? तिथे पाठवलं तर विचारतील ना, इतकं सडू का दिलं म्हणून. तपासणी होऊन जाऊ द्या, मग बघू."

'मग बघू'मध्ये सारजा उरणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. मी वर सरकारी ऑफिसात लेखी तक्रार केली. ती तक्रार फिरत फिरत मॅनेजरच्याच टेबलावर आली. त्याने तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि मला म्हणाला, "अक्षर छान आहे तुमचं." नोकरी सोडावी असं रोज वाटे, पण मी गेले तर सारजाची पट्टी कोण बदलणार होतं?

तपासणीच्या दिवशी सकाळी मी बाईसाहेबांची वेणी घालत होते. त्यांनी विचारलं, "सारजा कशी आहे?"

मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. जखम किती खोल आहे, अळ्या पडायला लागल्या आहेत, पाणी मागते तेव्हा कोणी जवळ नसतं, हे सगळं. इस्पितळात गेली तर वाचेल, इथे राहिली तर नाही. बाईसाहेब ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "या वेळचे साहेब नवीन आहेत म्हणतात?"

"हो. जुने बदलून गेले."

"अच्छा." एवढंच म्हणाल्या आणि पदर नीट केला.

नवे साहेब मराठी निघाले. गोरेगोमटे, अंगावर बंद गळ्याचा कोट, रुमालाला अत्तराचा वास. "कैसी हैं, माताजी?" ने सुरुवात झाली आणि बाईसाहेबांनी "या, बसावं" म्हणताच ते मराठीत आले. कुठले, कोणाचे, हे झालं. साहेबांचे आजोबाही संस्थानच्या नोकरीतले. बाईसाहेबांचा चेहरा उजळला.

"काही त्रास नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"छे छे. आमचं उत्तम चाललंय," बाईसाहेब म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. मॅनेजरने व्हरांड्याकडे हात केला, "चला साहेब, नाश्ता ठंडा होऊन राहिला."

तेवढ्यात बाईसाहेब खाटेवरून उतरल्या. "असं कसं? पहिल्यांदा आलात. घर पाहिल्याशिवाय कसे जाल? या, घर दाखवते."

तुम्हाला ही रीत माहीत असेल. पाहुणा पहिल्यांदा आला की त्याला माजघरापासून परसापर्यंत घर दाखवायचं. पाहुण्यानेही 'नको' म्हणायचं नसतं. मॅनेजर आडवा आला. "बाईसाहेब, तुम्हाला चालायची मनाई आहे."

बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आमच्याकडे बायका पाहुण्यांना घर दाखवतात तेव्हा कारभारी मध्ये बोलत नाहीत." आणि खाटांचे दांडे धरत त्या निघाल्या. साहेब मागे. चांगल्या घरातला माणूस, करणार काय!

"हा आमचा दिवाणखाना," त्या वॉर्डकडे हात करून म्हणाल्या. "या चादरी आजच्या आहेत. फार सुंदर. संध्याकाळी परत जातात." अगदी कौतुकाने. मग स्वयंपाकघर. चुलीवर डाळीचं पातेलं होतं. "ही आमची डाळ. पचायला हलकी." मग न्हाणीघर, तिथे सगळ्यांच्या आंघोळीला एकच बादली. प्रत्येक गोष्टीचं कौतुक, तक्रारीचा एक शब्द नाही. साहेबांचा रुमाल हळूहळू नाकाकडे सरकत होता.

"आणि ही आमची मागची खोली. इथे आमची सारजा असते."

त्यांनी दार ढकललं. तो वास मला सवयीचा होता, तरी मी एक पाऊल मागे सरले. माश्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. सारजा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची पट्टी सुटली होती. साहेबांना जे दिसायचं ते दिसलं.

"सारजा, पाहुणे आलेत," बाईसाहेब म्हणाल्या. मग एकदम काही राहून गेल्यासारख्या म्हणाल्या, "अरे देवा, उन्हातून आलेल्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही मी!"

त्या खोलीत पाणी द्यायला एकच भांडं होतं. टमरेल. त्यातूनच सारजाला पाणी पाजायचं आणि त्यानेच तिला धुवायचं. बाईसाहेबांनी ते कोपऱ्यातल्या बादलीत बुडवलं, पदराने बुड पुसलं आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी सवयीने हात पुढे केले. टमरेल हातात आलं तेव्हा त्यांनी आत पाहिलं. पाण्यावर पिवळी साय होती आणि कडेला हिरवं.

"घ्यावं ना," बाईसाहेब म्हणाल्या. "आम्ही हेच पितो."

बाईसाहेबांचा तो चेहरा मी विसरले नाही. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्या खरोखरच पाहुण्याला पाणी देत होत्या, घरात जे होतं ते.

साहेबांनी टमरेल उंबऱ्यावर ठेवलं. "तहान नाही मला," म्हणाले आणि भराभरा निघून गेले. व्हरांड्यात जाऊन त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती पाणी. काचेच्या ग्लासातून दोन ग्लास प्यायले. कचोरीही खाल्ली. मी दारात उभी होते, म्हणून पुढचंही ऐकलं. मॅनेजरला ते हलक्या आवाजात म्हणाले, "त्या बाईला आजच्या आज मोठ्या इस्पितळात पाठवा. ती इथे असताना मला काही लिहिता येणार नाही. ती गेली की लिहितो."

समजलं ना? त्यांना सारजा वाचवायची नव्हती. कागद स्वच्छ ठेवायचा होता. पण सारजा इस्पितळात गेली. दुपारी गाडी आली, तिच्याबरोबर मीच गेले. तिथे गर्दी होती, जमिनीवर गाद्या होत्या, पण रोज जखम धुणारी माणसं होती. सारजा वाचली.

काही दिवसांनी अहवाल आला. मॅनेजरने तो चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावला. स्वच्छता संतोषजनक. आहार संतोषजनक. प्रशिक्षित नर्सेस पर्याप्त. पर्याप्त म्हणजे मी, मेहुणी आणि साहेब आले तेव्हा कचोऱ्या तळत असलेली स्वयंपाकीण. मी त्या चौकटीसमोरून जाताना दर वेळी थुंकावंसं वाटायचं, आणि ते फिनाईलने पुसायला पुन्हा मलाच लागलं असतं.

बाईसाहेबांची पहिली खाट गेली. "त्यांना मागची खोली फार आवडते ना," मॅनेजर हसत म्हणाला आणि सारजाच्या रिकाम्या खाटेवर त्यांना नेऊन टाकलं. दाराजवळ दुसरी एक गोरी म्हातारी आली. तिचे केस विंचरायला त्याने मला बाईसाहेबांचाच कंगवा दिला. मी तो परत बाईसाहेबांच्या उशाखाली नेऊन ठेवला.

मी पुतण्याला निरोप धाडला. त्याने उत्तर पाठवलं की अहवाल चांगला आहे असं मॅनेजरसाहेबांनी कळवलं आहे, काळजीचं कारण दिसत नाही.

मागच्या खोलीत बाईसाहेब झपाट्याने खचल्या. मी शक्य होतं तितकं केलं. बादली घासली, टमरेल राखेने घासलं, पण गंजलेल्या टिनाला किती घासणार! घरून ग्लास आणला, तोही पेल्याच्याच वाटेने गेला. पाठ, माश्या, वास, कशाबद्दल म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. एकच घोकत राहिल्या, "पाहुणे पाणी न पिता गेले हो, सिस्टरबाई."

"तो पाहुणा नव्हता!" मी ओरडायची.

"आमच्या घरून कधी कोणी तसं गेलं नाही." आणि डोळ्यांतून पाणी यायचं. सगळं आयुष्य हातचं गेलं तेव्हा ज्या रडल्या नव्हत्या त्या या एका गोष्टीसाठी रडायच्या. त्या माणसाला त्याच्या कचोरीसकट फरफटत आणावं आणि ते टमरेल त्याच्या घशात रिकामं करावं, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

त्या पावसाळा संपायच्या आत गेल्या. पुतण्या आला आणि मॅनेजरचे आभार मानून गेला. मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. ते होम पुढे पुष्कळ वर्षं चाललं, भिंतीवर चौकटी वाढत गेल्या. आता तिथे दुसरंच काहीतरी आहे. त्या रस्त्याने रिक्षा गेली तरी मी नाकाला पदर लावते, वास नसला तरी.

पण त्या जायच्या थोडे दिवस आधीचं सांगायचं राहिलं. एका दुपारी सारजा आली. इस्पितळातून सुटलेली, काठी टेकत, गिरणीच्या चाळीपासून पायी. मॅनेजर तिला ओळखायच्या आत मी तिला मागच्या दाराने आत घेतलं. त्या खोलीत पाऊल टाकताना ती क्षणभर थांबली. मग खाटेपाशी गेली.

बाईसाहेबांनी डोळे उघडले. पाय आखडून घेता येत नव्हते, तरी हात चादरीवरून फिरला.

"या, बसावं. उन्हातून आलात."

सारजाला त्या नेहमी 'अगं' म्हणायच्या. आज 'या' म्हणाल्या. सारजा खाटेच्या कडेला बसली.

"सिस्टरबाई, पाणी," बाईसाहेब म्हणाल्या. मी टमरेल भरून सारजाला द्यायला गेले तर त्यांनी मान हलवली. स्वतःच्या हाताने द्यायचं होतं. मी त्यांचे हात त्याच्याभोवती धरले. अर्धं पाणी चादरीवर सांडलं.

सारजाने टमरेल पाहिलं. तिने ते ओळखलं. त्याने तिला काय काय धुतलं होतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हातांनी टमरेल घेतलं आणि घटघट करत तळापर्यंत प्यायली. मग पदराने तोंड पुसलं.

"गोड पाणी आहे, बाईसाहेब," सारजा म्हणाली. "आणखी द्या."

मी टमरेल घेऊन बादलीकडे वळले.